साठ रुपयांची आयसी आणि रात्री दोनची लाईट

२०२१ च्या नोव्हेंबरात जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मला फोन आला होता, तो अजून डोक्यातून जात नाही. आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, बावीस माणसं, शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो, ज्याला गावाकडे सगळे मोबाईल ऑटो म्हणतात. घरी बसून फोनवरून मोटर चालू-बंद करायची, बस एवढंच काम. फोनवर ते म्हणाले, "साहेब, पैसे भरून दोन महिने झाले, ऑटो कधी देताय? ह्या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, दोन वाजता उसातून विहिरीवर जावं लागतं, आणि परवाच बांधावर बिबट्या बघितलाय पोरानं." मी म्हणालो पुढच्या महिन्यात नक्की. म्हणताना मला माहीत होतं की आपल्याकडे कॉन्टॅक्टर आहेत, डबे आहेत, सिमचे मॉड्यूल आहेत, पीसीबी, म्हणजे पार्ट्स बसवायचे बोर्ड, येऊन पडलेत, रिले आहेत, फक्त एक आयसी नाहीये, आणि ती कधी येईल ते मला कुणीच सांगत नाहीये.

ती आयसी, म्हणजे चिप, एक अगदी साधा मायक्रोकंट्रोलर, स्टार्टरचा छोटा मेंदूच. वीस पायांचा, नखावर मावेल एवढा, आधी साधारण साठ रुपयांना मिळायचा. सहा-सात हजारांच्या स्टार्टरमधला हा साठ रुपयांचा तुकडा, पण तो नसला की बाकीचं सगळं भंगार. तेव्हा आमच्या स्टोअरमध्ये चारशेच्या वर अर्धवट बोर्ड ट्रेमध्ये रचून ठेवलेले होते, बाकी सगळं सोल्डर झालेलं, मधली एक चौकोनी जागा मोकळी. लाईनवरच्या बायका रोज सकाळी आल्या की आधी त्या ट्रेकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे.

त्या दोन वर्षांत काय झालं ते बहुतेकांना वरवर माहीत आहे, म्हणजे कोविड आला आणि चिपा मिळेनाशा झाल्या. पण ते एवढं सरळ नव्हतं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी घाबरून चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या, आणि त्याच वेळी सगळं जग घरात बसलं, प्रत्येकाला लॅपटॉप पाहिजे, पोरांच्या शाळेसाठी टॅब पाहिजे, वायफायचा राऊटर पाहिजे, टीव्ही पाहिजे, गेम खेळायचं मशीन पाहिजे. मग चिप बनवणाऱ्या कारखान्यांनी रिकामी झालेली जागा ह्या मालाला देऊन टाकली. सहा महिन्यांनी गाड्यांचा खप परत उसळला तेव्हा गाडीवाले परत आले, पण जागा गेलेली. वेफर, म्हणजे ज्यातून चिपा कापतात ती सिलिकॉनची चकती, आत घातल्यापासून तयार आयसी हातात येईपर्यंत तीन ते सहा महिने लागतात, आणि नवा कारखाना उभा करायचा तर दोन-तीन वर्षं, त्यामुळे मागणी वाढली म्हणून उद्या माल वाढला असं ह्या धंद्यात होतच नाही. त्यात संकटांची रांग लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला असाही कासेईच्या कारखान्यात आग, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला बर्फाचं वादळ होऊन ऑस्टिनमधले कारखाने बंद, मार्चमध्ये परत जपानात नाकाला रेनेसासच्या कारखान्यात आग, तैवानात दुष्काळ, आणि मग मलेशियात लॉकडाऊन, जिथे जगातल्या चिपांचं पॅकिंग आणि टेस्टिंग मोठ्या प्रमाणावर होतं.

ह्याची झळ मोठ्यांनाही बसली, ते मी नाकारत नाही. सप्टेंबर २०२१ ला मारुतीने जाहीर केलं की नेहमीच्या ४० टक्केच उत्पादन होईल. आमच्या शेजारी चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडलं तेव्हा २५,००० गाड्या ५७ मिनिटांत बुक झाल्या आणि मग लोक कित्येक महिने वाट बघत बसले. जिओफोन नेक्स्ट गणेश चतुर्थीला येणार होता, तो चिपांच्या तुटवड्यामुळे दिवाळीवर ढकलला गेला. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने तिकडच्या कंपन्यांना विचारलं तर २०१९ मध्ये ज्यांच्याकडे सर्वसाधारण ४० दिवसांचा चिपांचा साठा असायचा त्यांच्याकडे २०२१ मध्ये पाच दिवसांचाही उरला नव्हता. म्हणजे सगळेच अडचणीत होते हे खरंच.

पण अडचणीत असणं आणि रांगेत शेवटी असणं ह्यात फार फरक आहे, आणि मला जे म्हणायचंय ते ह्या रांगेबद्दलच आहे.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, अलोकेशन. डिस्ट्रिब्युटरचा मेल येतो की अमुक पार्ट अलोकेशनवर आहे. अर्थ असा की आता पैसे देऊन माल मिळेल हे विसरा, कुणाला किती द्यायचा ते कंपनी ठरवणार. आणि ती ठरवते कशावरून, तर तुम्ही मागच्या वर्षी किती घेतला, पुढच्या तीन वर्षांचा करार करताय का, आगाऊ पैसे भरताय का. फोन बनवणारा कोटीत घेतो, आम्ही वर्षाला पाच-सहा हजार आयसी घेतो. कंपनीच्या जागी मी असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं, धंदा म्हणून त्यात काही पाप नाही. पण त्याचा परिणाम काय होतो बघा. पहिला फोन दीड वर्षापूर्वी घेतलेला माणूस दुसरा फोन वेळेवर घेऊ शकतो, आणि ज्याला रात्री दोनला बिबट्याच्या वाटेवरून चालावं लागतं त्याचा स्टार्टर अडकतो. श्वासाच्या आजाराची मशीन बनवणाऱ्या रेसमेड कंपनीच्या प्रमुखांनी त्या काळात चिप कंपन्यांना जाहीर विनवण्या केल्या की आधी आम्हाला द्या, पेशंट थांबलेत. एवढ्या मोठ्या कंपनीला हात पसरावे लागले तर भोसरीतल्या किंवा इचलकरंजीतल्या युनिटचं कोण ऐकणार.

आपल्याकडे गावात पंगत बसते तेव्हा पहिल्या पंगतीला लहान पोरं आणि म्हातारी माणसं बसवतात, कुणी शिकवावं लागत नाही. कारण शेवटच्या पंगतीपर्यंत भांडं खरवडायची वेळ येऊ शकते हे सगळ्यांना माहीत असतं. पार्ट्सच्या बाजारात पहिल्या पंगतीला कोण बसणार हे फक्त खरेदीचा आकडा ठरवतो, आणि टंचाई नसते तेव्हा हे कुणाला दिसतही नाही.

मग छोटा माणूस काय करतो, तर ब्रोकरकडे जातो. मीही गेलो. साठची आयसी साडेचारशेला सांगितली, पूर्ण पैसे आधी, परत घेणार नाही. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत विचारलं, मुंबईला तसल्याच लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो, शेवटी कुणाच्या तरी ओळखीने बाहेरून एक हजार नग मागवले. आयसींची पट्टी गुंडाळलेलं रील छान सील केलेलं, लेबल छान, बारकोडसुद्धा. मला शंका आली ती रंगावरून, कारण खरी आयसी वरून जरा खरखरीत काळी असते आणि ही सपाट, थोडी राखाडी वाटत होती. भिंगाखाली धरली तर एक नंबरच्या पायाजवळचा जो गोल खड्डा असतो तो अर्धा भरलेला दिसला. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन घासलं तर बोळा काळा झाला आणि वरच्या नंबराखाली दुसराच नंबर पुसट दिसायला लागला. जुन्या बोर्डांवरून काढलेल्या आयसी, वरून घासून, काळा रंग देऊन, नवीन नाव छापलेल्या. हजारातल्या अडीचशेच्या आसपास प्रोग्राम झाल्या, बाकी नाहीत, आणि ज्या झाल्या त्यासुद्धा मी वापरल्या नाहीत, कारण शेतातल्या डब्यात मे महिन्यात आत ५५-६० डिग्री तापमान होतं, तिथे ती कधी मरेल सांगता येत नाही. साडेचार लाख गेले. आमच्यासाठी ती रक्कम म्हणजे काय आहे ते छोटं युनिट चालवणाऱ्यालाच कळेल, त्या वर्षी दिवाळीचा बोनस मी हप्त्यात दिला.

टंचाई किती विचित्र झाली होती त्याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. चिप बनवायची सगळ्यात महागडी मशीनं बनवणाऱ्या एएसएमएल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पीटर वेनिंक यांनी एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं होतं की एक बडा उद्योगसमूह वॉशिंग मशीन विकत घेऊन त्यातल्या चिपा काढून आपल्या मालात लावतोय. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने हाही मार्ग काढला. आम्ही आमच्याच जुन्या, रिपेअरीला आलेल्या बोर्डांवरून आयसी उतरवून काही स्टार्टर पूर्ण केले, त्या शेतकऱ्याचा त्यात होता, जानेवारी उजाडला.

लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की तुटवडा असतो तो म्हणजे काहीतरी भारी, सगळ्यात आधुनिक चिपेचा. बहुतेक वेळा उलटं असतं. २०१७-१८ मध्ये जी टंचाई आली होती ती सिरॅमिक कपॅसिटरची, म्हणजे थोडी वीज साठवणारा पार्ट, राईच्या दाण्याहून बारीक, काही पैशांना एक. एका स्मार्टफोनमध्ये असे हजाराच्या आसपास लागतात. फोनवाल्यांना एकदम बारीक साईजचे पाहिजेत आणि त्यात बनवणाऱ्याला पैसे जास्त, म्हणून मुराटासारख्या कंपन्यांनी जुन्या, मोठ्या साईजचे कपॅसिटर कमी करत आणले. आणि ते मोठ्या साईजचे वापरणारे कोण, तर मीटर, इन्व्हर्टर, वेल्डिंग मशीन, स्टार्टर बनवणारे आम्ही. चार हजार नगांचं एक रील हाताला लागत नव्हतं. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२५ च्या शेवटी नेदरलँड्सच्या सरकारने नेक्सपीरिया कंपनीचा ताबा घेतला, ऑक्टोबरमध्ये चीनने तिच्या तिकडच्या कारखान्यातला माल बाहेर जायला बंदी केली, आणि होंडाला मेक्सिकोतली लाईन थांबवावी लागली. नेक्सपीरिया बनवते काय, तर डायोड, ट्रान्झिस्टर, रुपया-दोन रुपयांच्या गोष्टी. वेफर हॅम्बर्गला बनतात आणि पॅकिंगला चीनमध्ये डोंगग्वानला जातात, मधली एक कडी तुटली आणि लाखो रुपयांची गाडी अडली.

आता आपल्याकडे काय चाललंय ते बघू. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे बरोबर त्या टंचाईच्या मध्यावर, केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून ९१,००० कोटींचा कारखाना उभारतायत, तिथे २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिपा बनणार आहेत, म्हणजे आम्ही वापरतो त्याच जातीच्या, आणि ही निवड मला मनापासून योग्य वाटते, उगाच सगळ्यात पुढच्या चिपेमागे धावले नाहीत. मार्च २०२५ मध्ये सुटे भाग इथे बनावेत म्हणून २२,९१९ कोटींची वेगळी योजना आली, तीही चांगलीच, उशिरा आली एवढंच. आपल्या राज्यात २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला गेला म्हणून केवढं रान पेटलं होतं, मोर्चे निघाले, विधानसभेत भांडणं झाली, आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्यातून बाहेरही पडली. त्या सगळ्या गदारोळात कुणी एकदाही विचारलं नाही की भोसरी, अंबड, वाळूज, शिरोलीतल्या हजारो छोट्या युनिटांना आज पार्ट्स कुठून मिळतायत.

माझं म्हणणं असं आहे की कारखाना आपल्या देशात आला म्हणून रांग बदलत नाही. धोलेऱ्याला चिप बनली तरी ती विकली जाणार अलोकेशनच्याच नियमाने, मोठ्याला आधी. साणंदला मायक्रॉनचा जो मेमरीचा पॅकिंग प्रकल्प आहे, २.७५ अब्ज डॉलरचा, त्यातला अर्धा खर्च केंद्राचा आणि २० टक्के गुजरात सरकारचा. म्हणजे १०० मधले ७० रुपये तुमच्या-माझ्या कराचे. मग टंचाईच्या वेळी त्या मालातला थोडा वाटा दवाखान्याची उपकरणं, पाणी, वीज, शेती ह्यांच्यासाठी लागणाऱ्या मालाला आधी मिळावा, एवढी अट घालणं फार आहे का? युरोपने हा विचार केलाय. २०२३ पासून लागू झालेल्या त्यांच्या चिप कायद्यात तरतूद आहे की संकट जाहीर झालं तर अत्यावश्यक क्षेत्राच्या ऑर्डरी आधी घ्यायला सांगता येतं आणि देशांच्या वतीने एकत्र खरेदीही करता येते. आपण अनुदान देताना कागदावर सह्या होतात त्याच वेळी हे लिहून घेता येतं, नंतर कोण ऐकतंय.

दुसरी गोष्ट साठ्याची. टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर आपल्या पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिपा साठवायला लावल्या होत्या, आणि २०२१ च्या सुरुवातीला बाकीच्यांच्या लाईनी थांबत होत्या तेव्हा टोयोटा चालू होती. सप्टेंबरमध्ये तिलाही उत्पादन ४० टक्क्यांनी कापावं लागलं हे खरं, साठा काही कायम पुरत नाही, पण मधले सहा-सात महिने मिळाले, आणि तेवढ्या वेळात डिझाईन बदलता येतं, दुसरी आयसी बसवता येते, प्रोग्राम नव्याने लिहिता येतो. आम्हाला नेमका तोच वेळ मिळाला नव्हता. एकट्या छोट्या युनिटला सहा महिन्यांचा साठा परवडत नाही, माझे पैसे गिऱ्हाईकाकडे तीन-तीन महिने अडकलेले असतात, ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे आणि २०२४ पासून आयकराचं कलमही त्याला जोडलंय तरी मोठ्या गिऱ्हाईकाला नोटीस पाठवायची हिंमत कुणाची होते, पुढची ऑर्डर जाते ना. म्हणून साठा एकत्र हवा. एमआयडीसीने जागा द्यावी, बँकेने कमी व्याजाने पैसे द्यावेत, आणि युनिटांच्या संघटनेने चालवावा.

इथे लगेच दोन आक्षेप येतात, माझ्या भागीदारानेच घेतले. एक म्हणजे सरकारी गोदामात माल सडतो. दुसरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स जुनं होतं, आज घेतलेली आयसी दोन वर्षांनी कोण वापरणार. दोन्ही आक्षेप चुकीचे नाहीत. पण आम्ही जे वापरतो ते फोनसारखं दरवर्षी बदलत नाही. पाच व्होल्टचा रेग्युलेटर मी कॉलेजला असताना होता तो आजही तोच आहे. कपॅसिटर, रेझिस्टर, डायोड, मॉस्फेट, ऑप्टोकपलर, रिले, दोन-तीन जातीचे मायक्रोकंट्रोलर, हे दहा-पंधरा वर्षं चालतात, आणि व्हॅक्यूम केलेल्या पाकिटात सिलिका जेल घालून नीट ठेवले तर दोन-तीन वर्षं सोल्डरिंगला काही त्रास देत नाहीत. जुना माल आधी वापरायचा, नवा मागे लावायचा, म्हणजे साठा फिरता राहतो, पडून राहत नाही. आणि सरकारी बाबूने काय घ्यायचं ते ठरवायचंच नाहीये, ज्यांचे पैसे त्यात आहेत त्यांनी ठरवायचं. साखर कारखान्यापासून दुधापर्यंत एकत्र येऊन चालवायची सवय ह्या महाराष्ट्राला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. एकत्र खरेदीचा अजून एक फायदा असा की ब्रोकरकडे जायची वेळच कमी येते, आणि संघटनेकडे एखादं एक्स-रे मशीन असलं तर बनावट माल दारातच अडतो, माझ्यासारखे साडेचार लाख कुणाचे जायला नकोत. रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर मंजूर झालाय, २९७ एकर, तिथे एक शेड ह्यासाठी निघू शकते.

पार्ट्स विकत घेणाऱ्या युनिटवाल्यांनाही मला एक सांगायचंय, आणि दोष द्यायला म्हणून नाही. टंचाई दिसली की सगळे जास्त मागवतात, माझ्यासारख्या युनिटांनीसुद्धा एकच ऑर्डर चार डिस्ट्रिब्युटरांकडे टाकली होती, त्यामुळे खरी मागणी शंभरची असताना कंपनीला चारशे दिसत होती, आणि २०२३ मध्ये तोच माल गोदामांतून ओसंडत होता. घाबरून केलेल्या ऑर्डरीने रांग अजून लांबते. एकत्र साठा असेल तर ही घबराटही कमी होईल असं मला वाटतं.

आणि हे सगळं आज लिहितोय कारण परत तेच सुरू झालंय. ह्या वेळी मेमरी. एआयच्या डेटा सेंटरांना इतकी मेमरी लागतेय की बनवणाऱ्यांनी आपल्या लाईनी तिकडे वळवल्या, आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा साध्या ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. पोराला लॅपटॉप घ्यायला गेलेल्या आईबापांना हे दुकानातच कळतंय. आमच्या स्टार्टरमध्ये जे फोरजीचं मॉड्यूल असतं त्यातही थोडी मेमरी असते, अगदी थोडी. गेल्या आठवड्यात पुरवठादाराचा मेल आला, भाव वाढलाय, आणि खाली एक ओळ, पुढचा माल अलोकेशनवर.

मागच्या रविवारी आम्ही भोसरीतले बारा युनिटवाले एका शेडमध्ये बसलो आणि प्रत्येकाने आपापली पार्ट्सची यादी एकाच एक्सेलमध्ये टाकली. एकमेकांचे स्पर्धक असलेली माणसं आपली यादी उघडी करत होती, मला वाटलं नव्हतं कुणी करेल. १४० पार्ट्स असे निघाले जे निदान पाच जणांना सारखेच लागतात. सगळ्यांचा मिळून चार महिन्यांचा साठा करायचा तर किती पैसे लागतील तो आकडाही निघाला, आणि तो एखाद्या मध्यम फ्लॅटच्या किमतीपेक्षा फार जास्त नाहीये. ती यादी आणि तो आकडा घेऊन आम्ही ह्या सोमवारी एमआयडीसीच्या ऑफिसात आणि मग बँकेत जाणार आहोत. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरच्या युनिटवाल्यांनी आपापली यादी अशीच काढावी, कारण १४० मधले शंभर तरी पार्ट्स तुमचेही तेच निघतील.